एका सीझनपुरता गुंडूअण्णा

आमच्या घरी येणारा माणूस चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारायचा, "कुणी गावाला निघालंय काय?"

कारण चपलांच्या स्टँडशेजारी एक निळी बॅग भरून, चेन लावून, पट्टा वर करून ठेवलेली असायची. कुणी गावाला निघालेलं नसायचं. बॅग माझ्या चुलतभावाची, गुंडूअण्णाची. तो आमच्याकडं राहायला येऊन काही वर्षं झाली, आणि बॅग आल्या दिवसापासून निघायच्या तयारीत होती. सकाळी उठून तो तिची चेन उघडायचा, ब्रश काढायचा, दात घासायचा, ब्रश झटकून डबीत घालायचा आणि डबी पुन्हा बॅगेत. टॉवेल वाळला की घडी घालून बॅगेत. शर्टाचं तेच. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत कपाट आहे, कपाटात हँगर आहेत, आणि हँगरांवर वारा. पाहुण्यांना वाटायचं यांना गाडी गाठायची असणार, आपण कशाला मध्ये. ते घाईघाईनं चहा पिऊन उठायचे. माझ्या बायकोला, सुमनला, काही पाहुण्यांच्या बाबतीत त्याचा फार उपयोग झाला.

गुंडूअण्णा धंद्यानं स्ट्रायकर. म्हणजे फुटबॉलमध्ये सगळ्यांच्या पुढं उभा राहून गोल मारतो तो. आता साठीला टेकलाय, जिना चढताना गुडघे वाजतात, तरी 'स्ट्रायकर होता' म्हटलेलं त्याला खपत नाही. "तुझे आप्पा कोर्टात जायचे थांबले म्हणून लोक त्यांना वकीलसाहेब म्हणायचे थांबले काय?" असं तो मला विचारतो.

आमच्या घराण्यात मास्तर, वकील आणि सरकारी नोकर एवढेच प्रकार. जुन्या हुबळीच्या बोळात राहणाऱ्या काकांचा हा मुलगा वेगळाच निघाला. कॉलेज अर्ध्यावर टाकून बेंगळूरला एका कारखान्याच्या टीमकडून खेळायला गेला, आणि तिथनं जो सुटला तो कोलकाता, गोवा, केरळ, पंजाब, ईशान्येकडचे डोंगर आणि एक वर्ष चक्क मालदीव. बोलावतील तिथं जायचं, एक सीझन खेळायचं, पुढचा क्लब बोलावील तिकडं निघायचं. लग्नाच्या बोलणीत कुणी काकांना "मुलगा कुठं असतो?" असं विचारलं की काका आधी काकूकडं बघायचे. उत्तर मुलीकडच्यांच्या घरी पोचेपर्यंत बदललेलं असायचं. त्यामुळं लग्न राहूनच गेलं.

याच काळात माझीही कारकीर्द चालू होती. धारवाडला जन्मलो, धारवाडला शिकलो आणि धारवाडलाच कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागलो. मध्ये एकदा माझी हुबळीला बदली झाली. आईनं हातावर दही ठेवलं, सुमननं डब्याबरोबर स्वेटर दिला, आणि बस गावाच्या वेशीवरचं रायापूर ओलांडून गेली तेव्हा मी खिडकीतनं मागं वळून बघितलं. रोज संध्याकाळी परत यायचो ती गोष्ट वेगळी. पुढं बदली रद्द होऊन मी धारवाडातल्या सप्तापूरच्या घरी कायमचा परतलो, तर शेजाऱ्यांनी विचारलं, तिकडचं पाणी मानवलं काय. अजूनही नातेवाइकांत 'बाहेर काम केलेला माणूस' म्हणून माझं मत घेतात.

गुंडूअण्णा मला 'गोली' म्हणतो. गोली म्हणजे गोलकीपर. "एका जागी उभा राहतोस आणि अंगावर येईल तेवढं धरतोस. तेही कधीकधी." सुमनला तो 'कॅप्टन' म्हणतो. या घरात कोण कुठं खेळतं हे त्यानं आल्या दिवशीच ओळखलं होतं.

आला तोही एका सीझनपुरता. त्याचं खेळणं थांबलं, मग गावोगावी पोरांना शिकवणं थांबलं, काका-काकू गेले, जुन्या हुबळीतलं भाड्याचं घर सुटलं. आमची गच्चीवरची खोली विद्यापीठातली मुलं सोडून गेली होती. "या सीझनपुरता राहतो," असं तो म्हणाला. आम्हाला वाटलं, बोलायची रीत. पण जून आला आणि एका सकाळी गुंडूअण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"कॅप्टन, सीझन संपला. पुढं काय?"

सुमन उंबऱ्याजवळ बसून शेंगा फोडत होती. ती वर न बघता म्हणाली, "पुढं काय म्हणजे? बसा हितं आणि ह्या शेंगा फोडा. चटणी करायचीय."

त्यानं बॅग पुन्हा जागेवर नेऊन ठेवली, बाह्या सारल्या आणि फतकल मारून बसला. करार झाला. तेव्हापासून दर जूनमध्ये असंच. तो इस्त्री करून येतो, विचारतो, सुमन शेंगा नाही तर लसूण नाही तर निवडायचे तांदूळ पुढं सारते, आणि गुंडूअण्णा आणखी एक सीझन आमच्याकडून खेळतो.

गुंडूअण्णाच्या सगळ्या आयुष्याचं शास्त्र एका वाक्यात आहे. "माणसं कुठं आहेत ते बघायचं नसतं रे गोली. कुठं नाहीत ते बघायचं." मैदानावर तो कुणाला ढकलायचा नाही, कुणाशी झोंबायचा नाही, दोन बचावपटूंच्या मधे बोळ पडला की हा तिथं असायचा, एवढंच. ही खोड अंगात मुरलेली. पेढ्याच्या दुकानासमोर संध्याकाळची गर्दी असते. मी शिस्तीत मागं उभा राहतो आणि शिस्तीत मागंच राहतो. गुंडूअण्णा एखाद्या जाड गृहस्थाच्या खांद्यामागं जरा तिरका उभा राहतो, आकाशाकडं बघितल्यासारखं करतो, आणि गृहस्थ पाकीट काढायला वळला की पुढच्या क्षणी अण्णा काउंटरवर. धक्का नाही, बोलाचाली नाही. गृहस्थालाच वाटतं आपण याच्या मागं होतो.

त्याला सहा-सात भाषा येतात असं आम्ही अभिमानानं सांगायचो. नंतर कळलं, प्रत्येक भाषेत तीनच वाक्यं येतात. 'इकडं दे', 'माझी चूक' आणि 'पोट भरलं'. मी हसलो तर म्हणाला, "येवढ्यावर सगळा देश फिरलो. तुला मराठी, कन्नड, इंग्रजी पुरी येते, त्यातलं मधलं वाक्य कॅप्टनला कधी म्हटलायस काय?"

किती गोल मारले, असं विचारलं की मात्र तो गडबडतो. ते पेपरवाल्यांना माहीत, म्हणतो. त्याला गावं आठवतात ती पासांवरनं आणि पानावरनं. कोलकात्यात डावीकडनं बॉल देणारा एक बुटका होता, बॉल असा यायचा की नुसता पाय लावायचा. केरळात खानावळीचा मालक मॅच हरलो तरी दुसऱ्यांदा भात वाढायचा. पंजाबात एक म्हातारे रोज लस्सीचा पेला घेऊन मैदानाच्या कडेला. मालदीवचं मैदान समुद्राला लागून. बॉल बाहेर गेला की थ्रो-इन कुणाचा यावर भांडण नसायचं, पाण्यात कोण उतरणार यावर असायचं. तिथं एका कोळ्याच्या बायकोनं त्याला कुडतं शिवून दिलं होतं. हे सगळं सांगताना त्याच्या स्वतःच्या गोलचा उल्लेख शेवटी, जाता जाता येतो. 'मग काय, गेला आत.'

आणि गोल झाला की तो प्रेक्षकांकडं धावायचा नाही. ज्यानं पास दिला त्याच्याकडं वळून एक बोट दाखवायचा. तुझ्यामुळं, असा त्याचा अर्थ. आमच्या घराण्यात आभार मानायची पद्धत नाही. कुणी आभार मानले तर आम्हाला वाटतं काहीतरी बिनसलंय. त्यामुळं जेवता जेवता भाजी आवडली की हा सुमनकडं बोट दाखवतो, त्याची सवय व्हायला तिला वर्ष लागलं. बाहेर तेवढा वेळ कुणाकडं असतो? हुबळीला एका लग्नात पंगतीत गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वाढली. अण्णानं एक घास घेतला, डोळे मिटले, उभा राहिला आणि मंडपाच्या टोकाला असलेल्या आचाऱ्याकडं हात लांब करून बोट दाखवलं. आचारी झारा घेऊनच धावत आला. मुलीच्या काकांना वाटलं, केस निघाला. मुलीचे वडील हात जोडत आले. सगळी पंगत हात आखडून बसली. अण्णा आपला हसतोय आणि बोट खाली घेत नाही. शेवटी सुमननं उठून कन्नडात समजावलं, की हे आमचे दीर, फुटबॉल खेळतात, हा नमस्कार आहे. आचाऱ्यानं अण्णाच्या पानात हुग्गी पळी पळीनं ओतली, आणि अण्णानं कन्नडातलं 'पोट भरलं' पुन्हा पुन्हा वापरलं.

गेल्या संक्रांतीनंतर सुमन मागच्या दाराच्या पायरीवरनं घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन, सळई, बिछाना. मुलगी पुण्याहून आली, राहिली, रजा संपली तशी रडत परत गेली. घरात उरलो मी. मला चहा करता येतो असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी सुमननं एक घोट घेतला आणि मला प्रेमानं विचारलं की, हे काय आहे.

तेव्हा गुंडूअण्णा वरनं खाली आला, स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबला, आत कुणी नाही हे बघितलं, आणि आत गेला. नेहमीप्रमाणं. फरक एवढाच की पेढ्याच्या दुकानातनं तो लगेच बाहेर येतो. इथनं कित्येक महिने आला नाही.

आम्ही घरबसल्या देश फिरलो. सोमवारी बंगाली खिचडी, मंगळवारी नारळाच्या दुधातलं केरळी काहीतरी, पुढं पंजाबी राजमा. ज्या ज्या माउलीनं त्याला खाऊ घातलं होतं तिची आठवण तो आमच्या ताटात वाढत होता. दुपारी चारला हाफटाइम. म्हणजे संत्र्याच्या फोडी सोलून सुमनच्या बशीत. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर तर त्यानं घराचं मैदान केलं. देव्हाऱ्याखालचे आणि फळीवरचे सगळे पितळी तांबे त्यानं बैठकीच्या खोलीत ओळीनं मांडले, आणि सुमन वॉकर घेऊन त्यांच्यामधनं नागमोडी चालायला लागली. "टाच आधी, कॅप्टन. जमिनीकडं बघू नको. तांबा कुठं आहे ते बघू नको, कुठं नाही ते बघ." तांबा पडला की उचलून जागेवर ठेवायचं काम गोलीकडं. आयुष्यात पहिल्यांदाच मी संघात होतो.

"हे कुठं शिकलात हो?" सुमननं एकदा धापा टाकत विचारलं.

गोव्यात त्याचाही पाय मोडला होता. क्लबनं दवाखान्याचं बघितलं आणि पुढं विसरला. घरमालकीणबाईनं त्याला अंगणात चालवून चालवून उभा केला. "तिच्याकडं तांबे नव्हते. कोंबड्या होत्या," तो म्हणाला. "कोंबड्या जागेवर राहत नाहीत. हे सोपं आहे, नोडव्वा, बघ की."

मे संपता संपता सुमन डॉक्टरांसमोर काठीसुद्धा न घेता चालून दाखवत होती. डॉक्टर खूश झाले, व्यायाम कोण घेत होतं म्हणून विचारलं. मी जरा पुढं सरसावलो. सुमननं माझ्याकडं बघितलंच नाही. तिनं हात लांब केला आणि दाराशी उभ्या असलेल्या गुंडूअण्णाकडं एक बोट दाखवलं. अण्णा घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर स्कूटर स्टँडशिवाय काही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सुमनच्या मनातनं ते जाईना, या माणसासाठी काहीतरी करायला हवं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती लवकर उठली, स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. पाहुण्यांची वेताची खुर्ची पुसून व्हरांड्यात मांडली. पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप काढले. बशीत पेढे ठेवले. गुंडूअण्णा खाली आल्यावर म्हणाली, "बसा अण्णा, खुर्चीवर बसा. पुष्कळ केलंत. आजपासून माझं मी बघते. तुम्ही आता काही करायचं नाही."

अण्णा बसला. एरवी त्याचा चहा शेजाऱ्यांना ऐकू जातो. त्या दिवशी त्यानं आवाज न करता प्यायला. पेढा अर्धा खाल्ला. "साकु, कॅप्टन," पुरे झालं, असं म्हणून वर गेला.

तासाभरानं इस्त्रीचा शर्ट घालून तो खाली उतरला आणि बॅग उचलली. मला वाटलं दरवर्षीचंच. मी मजेनं बघत होतो. पण त्यानं 'पुढं काय' विचारलंच नाही.

"निघतो, कॅप्टन. गोव्याला जुना सोबती आहे, त्याची खानावळ आहे. बघतो तिकडं काहीतरी."

सुमन भिंतीला धरून उभी राहिली. मी काय केलं विचाराल, तर पेपरची घडी घातली.

"पण झालं काय अण्णा? आमचं काही चुकलं काय?"

"छे ग." तो बॅगेच्या पट्ट्याशी खेळत होता. मग सांगितलं. डोंगरातल्या एका क्लबकडून तो एक सीझन चांगला खेळला होता. गाव आवडलं होतं, माणसं आवडली होती. सुट्टी संपल्यावर न बोलावताच परत गेला. आपलंच आहे असं वाटलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या खुंटीला दुसऱ्याचा शर्ट होता. कुणी वाईट बोललं नाही. "उलट चहा दिला. चांगल्या कपात. आणि बसायला खुर्ची आणली. खेळाडूला कुणी खुर्ची देतं काय ग? खेळाडू जमिनीवर बसतो, बाकावर बसतो. खुर्ची पाहुण्याला. तेव्हापासून मी कुणावर तशी वेळच आणली नाही. बॅग तयार ठेवायची. आपला माणूस बरा होऊन परत आला, की बदलीच्या माणसानं आपणहून बाहेर यायचं."

व्हरांड्यात ती वेताची खुर्ची तशीच होती. सुमननं तिच्याकडं बघितलं. तिनं समजूत घातली नाही, आणि रडलीही नाही. ती लंगडत जाऊन त्याच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ती बॅग इकडं आणा."

अण्णानं बॅग तिच्या पायाशी ठेवली. तिनं चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून माझ्या हातात द्यायला लागली. टॉवेल दोरीवर. शर्ट वर कपाटात, हँगरला. पॉलिश केलेले जुने बूट स्टँडवर, माझ्या चपलांशेजारी. मी जिना वर-खाली करत होतो. बॅग रिकामी झाल्यावर तिनं ती ओल्या फडक्यानं आतनं-बाहेरनं पुसली.

"अण्णा, माळ्यावरनं गौरीची पेटी काढा. यांना स्टुलावर चढवू नका, आता आणखी एका माणसाचं करायची ताकद नाही माझ्यात."

पेटीचा तळ गंजून गेला होता, हे ती गेल्या वर्षापासून सांगत होती. अण्णानं पेटी उतरवली. सुमननं मऊ साडीत गुंडाळलेले गौरीचे मुखवटे काढले आणि बॅगेत ठेवले. मग जरीच्या साड्या, मोत्यांच्या माळा, कमरपट्टे.

"कॅप्टन," गुंडूअण्णा कसाबसा म्हणाला, "त्यात बूट असायचे माझे."

"असू देत की. गौर पावलांनीच येते." तिनं चेन ओढली. "ही आता भाद्रपदात उघडायची. तोवर बॅग मिळणार नाही."

त्यानं रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. मग अगदी हळू विचारलं, "आणि गौरी गेल्यावर?"

"गेल्यावर मुखवटे काय उघड्यावर टाकू? परत ह्यातच. दर वर्षी." ती भिंतीला धरून उठली. "बॅग माळ्यावर ठेवा. आणि ही खुर्ची न्या आत, पाहुण्यांची आहे ती. शेंगा आणून ठेवल्यात, फोडायच्यात."

गुंडूअण्णानं बॅग माळ्यावर ठेवली, परत आला आणि खुर्ची उचलली. दोन्ही हातांत खुर्ची असल्यामुळं त्याला बोट दाखवता आलं नाही. तो तसाच तिच्याकडं बघत उभा राहिला, मग आत गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातनं शेंगा फुटल्याचा आवाज यायला लागला.

हल्ली आमच्या घरी येणारा माणूस चपला काढतो, काही न विचारता आत येतो आणि निवांत बसतो. उठायचं नाव घेत नाही. सुमनची तेवढी गैरसोय झालीय.

बॅग माळ्यावर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा न लावताच न्हाणीघरात गेलो. खिडकीत आमचा ब्रश ठेवायचा पेला असतो. हात घातला तर मला माझा ब्रश ओळखता येईना. एरवी पेल्यात दोन असायचे, सवयीनं उजवीकडचा उचलायचो. त्या दिवशी तीन होते.